बंदुकांवरील ठसे : त्यांची साक्ष कोठवर ग्राह्य?

जुन्या घराण्यांचीं दप्तरें तपासतांना रुमालांच्या शेजारीं एखादी ठासणीची बंदूक, तिची सुटी नळी किंवा नुसती गंजलेली कळ आढळावी, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. कागद पारखण्याची पद्धति आपल्याकडे आतां बरीच बांधीव झाली आहे. शिक्का, मोर्तब, कालगणना, हस्ताक्षर व कागदाची जात यांची छाननी झाल्यावांचून कोणी जाणता संशोधक कागदास अस्सल म्हणत नाहीं. परंतु त्याच रुमालाशेजारची बंदूक हातीं आली म्हणजे ही सावधगिरी गळून पडते. लोखंडावर इंग्रजी अक्षरें दिसलीं व सनाचे चार आंकडे लागले, कीं तो सन बंदुकीचा ठरतो, तें नांव बंदूक करणाराचें ठरतें, आणि घराण्यांत चालत आलेल्या आख्यायिकेस लोखंडी पुरावा मिळाला असें समजून यादींत तशी नोंद होते. प्रस्तुत लेखांत या पद्धतीचें परीक्षण करावयाचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगतों. ठसा पूर्णपणें खरा असला तरीहि तो ज्या भागावर उमटला आहे त्याच भागाचा साक्षीदार असतो, सबंध बंदुकीचा नव्हे. त्या भागाविषयींहि तो 'याच्या आधींचा नव्हे' एवढेंच खात्रीनें सांगतो. 'बंदूक याच वर्षीं सिद्ध झाली' असें सांगत नाहीं. दप्तरें हाताळणारांस हें तत्त्व अपरिचित नाहीं. विलायती कागद उजेडापुढें धरला असतां त्यांत पुष्कळदां सनाची पाणखूण दिसते. निर्यातीच्या कागदावरील करांत सूट मिळण्यासाठीं कागदांत सन घातला पाहिजे असा कायदा इंग्लंडांत १७९४ सालीं झाला, आणि तेव्हांपासून असे सन वारंवार आढळतात. पाणखुणेंत १८०९ असेल तर पत्र १८०९ पूर्वींचें नव्हे हें ठरलें. परंतु तो कागद पांच-दहा वर्षें कोरा पडून मग त्यावर मजकूर लिहिला गेला नसेल, असें कोणी म्हणणार नाहीं. बंदुकीवरील सन हा पाणखुणेसारखा आहे, पत्राच्या मितीसारखा नव्हे. हा भेद न ओळखल्यामुळेंच बहुतेक चुका होतात.

पुढील विवेचनांत नळी, दस्ता, घोडा, गज हे शब्द रूढ अर्थानेंच घेतले आहेत. घोडा, कमान, रंजकाची वाटी आणि गारेचा आघात घेऊन ठिणगी पाडणारी पोलादी झडप, यांचा जो संच दस्त्याच्या उजव्या अंगास बसविलेला असतो त्यास कळ, व हा संच ज्या लोखंडी पत्र्यावर जडविलेला असतो त्यास कळीची पट्टी असें म्हटलें आहे. कारखानदाराचें नांव व सन बहुधा या पट्टीवर असतात. परीक्षेचे ठसे नळीवर, तिच्या मागील टोकाजवळ असतात.

१. बंदूक एका हातची नसते

अठराव्या शतकांतील विलायती लष्करी बंदूक एका कारागिरानें आरंभापासून शेवटपर्यंत केलेली नसे. नळ्या घडविणारे निराळे, कळी घासणारे निराळे, दस्ते बसविणारे निराळे. इंग्रज सरकारचें दारूगोळा खातें नळ्या व कळी वेगवेगळ्या मक्तेदारांकडून घेऊन लंडनच्या टॉवर किल्ल्यांत सांठवी, आणि गरज पडे तसतसे ते भाग जुळणी करणारांच्या हवालीं करी. त्यामुळें कळीवरील सन व बंदूक सिद्ध झाल्याचा सन यांत अंतर पडणें हा अपवाद नव्हता. ती पद्धतीचीच परिणति होती. १७६४ पासून तर सरकारी कळींवर मक्तेदाराचें नांव व सन कोरणें बंद झालें, आणि 'टॉवर' हा शब्द व राजाचीं मुकुटांकित आद्याक्षरें तेवढीं राहिलीं. म्हणून 'टॉवर' हें कोणा कारखानदाराचें आडनांव नव्हे, आणि त्या शब्दानें सनहि ठरत नाहीं. पुढें खाजगी व्यापारांतल्या बंदुकांवरहि हा शब्द ग्राहकाचा विश्वास बसावा म्हणून घालूं लागले, हें ध्यानांत घेतल्यास त्याची किंमत आणखी उतरते.

त्या काळीं भाग एकसारखे होत नसत. प्रत्येक मळसूत्र व प्रत्येक पट्टी त्या त्या बंदुकीस कानसीनें घासून बसवावी लागे. आणि एकीचे भाग दुसरींत मिसळूं नयेत म्हणून कारागीर त्यांवर आंतल्या बाजूनें सारख्या खांचा किंवा रोमन आंकडे पाडीत. यंत्रानें एकसारखे भाग करून ते परस्पर बदलतां यावे अशी व्यवस्था इंग्लंडांतील एन्फील्ड येथें झाली ती १८५३ च्या नमुन्याच्या बंदुकीपासून. त्यापूर्वींच्या कोणत्याहि बंदुकीची परीक्षा करतांना बाहेरील कोरीव नांवापेक्षां आंतील या ओबडधोबड खांचा अधिक बोलक्या असतात. नांव खरेदी करणारासाठीं कोरलेलें असतें. खांच कारागिरानें स्वतःच्या सोयीसाठीं पाडलेली असते. कळीच्या सर्व भागांवर तीन खांचा व एका घोड्यावर मात्र पांच, असें दिसलें तर घोडा उपरा आहे. दस्त्यांत कळीसाठीं जी खोबण कोरलेली असते तिची कड पट्टीला चिकटून चालली आहे, कीं फटींत लांकडाची चीप अथवा लाख भरलेली आहे, हेंहि पहावें. लांकूड सहसा खोटें बोलत नाहीं.

२. हृदयाकृति व सिंह

महाराष्ट्रांत आढळणाऱ्या विलायती बंदुकांपैकीं फार मोठा भाग ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांचा असल्यामुळें तिच्या खुणांचा विचार थोडा विस्तारानें करणें अवश्य आहे.

कंपनीची जुनी खूण म्हणजे चार भागांत विभागलेली हृदयाकृति. तिच्या भागांत व्ही, ई, आय, सी हीं रोमन अक्षरें व माथ्यावर इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखें चिन्ह असतें. येथील 'व्ही' हें अक्षर जुन्या लेखनपद्धतीप्रमाणें 'यू'च्या जागीं आहे. म्हणजे 'युनायटेड', संयुक्त. जुनी व नवी अशा दोन कंपन्यांचें एकीकरण १७०९ सालीं पुरें झालें, त्याचा हा निर्देश आहे. माथ्यावरील चौकडा हा आंकडा नव्हे; तें व्यापाऱ्यांच्या गांठोड्यांवर घालावयाचें जुनें चिन्ह होय. त्यास बंदुकीचा क्रमांक किंवा नमुन्याचा आंकडा समजूं नये. नाणीं जमविणारांस ही आकृति ओळखीची असेलच. मुंबई इलाख्यासाठीं बर्मिंगहॅम येथें पाडलेल्या १७९१ च्या तांब्याच्या नाण्यांवर हीच आहे.

१८०८ सालीं कंपनीनें बंदुकांवरील ही खूण बदलली, व तिच्या जागीं मागील पायांवर उभा राहून मुकुट धरलेला सिंह घातला. हा एक फेरफार कालनिर्णयास अत्यंत उपयुक्त आहे. सिंह असलेली पट्टी १८०८ पूर्वींची असूं शकत नाहीं. म्हणजे ती पानिपतास नव्हती, खर्ड्यास नव्हती, आणि असईसहि नव्हती. उलट, हृदयाकृति असलेली पट्टी १८०८ नंतरच्या बंदुकींत नसेल असें मात्र म्हणतां येत नाहीं. जुन्या कळी सांठ्यांत पडून असत, दुरुस्तींत वापरल्या जात, मोडीच्या भावानें विकल्या जात. ठशाची साक्ष एका दिशेनें पक्की व दुसऱ्या दिशेनें सैल असते, ती अशी.

ठशाखेरीज आकारहि साक्ष देतो, आणि तो खोडून काढणें कठीण. कॅप्टन विंडस या कंपनीच्या निरीक्षकाच्या नांवानें ओळखला जाणारा नमुना १७७१ सालचा. त्याची नळी ३९ इंचांची होती. त्या वेळीं इंग्रज सरकारच्या पायदळाची रूढ नळी ४२ इंचांची होती. पुढें फ्रान्सशीं युद्ध जुंपल्यावर बंदुका अपुऱ्या पडून इंग्रज सरकारनें कंपनीच्याच बंदुका आपल्या सैन्यासाठीं घेतल्या, आणि तो आंखूड नमुना 'इंडिया पॅटर्न' या नांवानें सरकारी नमुना बनला. म्हणून ३९ इंची नळी पाहून 'ही कंपनीचीच' असें म्हणणेंहि बरोबर नाहीं. ती इंग्रज राजाच्या पलटणीची असूं शकेल. या नमुन्याचा घोडा आरंभीं हंसाच्या मानेसारखा वळणदार होता. १८०९ पासून मानेंत भरीव कडें घातलेला मजबूत घोडा आला. पट्टीवर हृदयाकृति व घोडा मात्र कड्याचा, असें दिसल्यास घोडा मागाहूनचा आहे कीं काय हें आंतील खांचांवरून तपासावें.

पुढें गारेच्या जागीं टोपी आली. कंपनीच्या सैन्यांत हा बदल मुख्यतः १८४० नंतरच्या दशकांत झाला. खाजगी रीत्या व संस्थानांतून पुष्कळ जुन्या बंदुका मोडींत न काढतां टोपीच्या करून घेण्यांत आल्या. झडप व रंजकाची वाटी काढून, त्यांचीं भोकें बुजवून, घोडा बदलून, पट्टी मात्र तीच ठेवीत. पट्टीवर बुजविलेल्या भोकांचे वाटोळे डाग दिसले तर ठसा एका पिढीचा व बंदूक दुसऱ्या पिढीची, असें समजावें.

या विषयावर डेव्हिड हार्डिंग यांनीं कंपनीच्या बंदुकांविषयीं १९९७ ते १९९९ या काळांत प्रसिद्ध केलेले चार खंड प्रमाणभूत आहेत. त्यांचें महत्त्व ठशांच्या चित्रांत नसून, कंपनीच्या स्वतःच्या दप्तरांतील खरेदी, तपासणी व वाटप यांचे कागद वस्तूंशीं ताडून पाहण्यांत आहे. दुर्दैव असें कीं, अशा ग्रंथांचा उपयोग पुष्कळदां नुसता कोशासारखा होतो. ठसा दिसला, पान काढलें, सन उतरविला. ग्रंथकर्त्यानें जें काम वीस कागद ताडून केलें तें वाचक एका चित्रावर आटोपतो. हा दोष ग्रंथाचा नव्हे, वापरणाराचा आहे.

३. नळीची साक्ष

नळीवरील परीक्षेचे ठसे कळीवरील नांवापेक्षां अधिक विश्वसनीय असतात, कारण ते विकणाराचे नसून परीक्षकाचे असतात. नळींत नेहमींपेक्षां अधिक दारू ठासून बार काढीत. नळी शाबूत राहिली तर तिच्यावर ठसा मारीत. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ सालीं सनद मिळाली. त्यांचे ठसे म्हणजे मुकुटाखालीं 'जी' व 'पी' हीं अक्षरें, आणि मुकुटाखालीं 'व्ही'. बर्मिंगहॅमचें सार्वजनिक परीक्षागृह पार्लमेंटच्या कायद्यानें १८१३ सालीं स्थापन झालें. त्याच्या ठशांत मुकुट, एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड व 'बी, पी, सी' हीं अक्षरें येतात. येथें एक खबरदारी घ्यावयास हवी. आडवे राजदंड टॉवरच्या सरकारी ठशांतहि आहेत, आणि १८१३ पूर्वीं बर्मिंगहॅममधील खाजगी परीक्षेंतहि ते वापरीत. राजदंड दिसले म्हणून १८१३ नंतरची, असें ठरवूं नये. निर्णय अक्षरांवर होतो, चित्रावर नव्हे.

बेल्जममधील लिएज शहराचे ठसेहि आपल्याकडे सांपडतात. लंबवर्तुळांत 'ई, एल, जी' हीं अक्षरें व तारा, ही त्यांची खूण. १८९३ सालापासून त्या लंबवर्तुळावर मुकुट आला. पट्टीवर 'टॉवर' व नळीवर लिएजचा ठसा अशी जोडी दिसली तर ती व्यापारी बंदूक होय, आणि ती कोणा इंग्रज पलटणीच्या शिपायाची होती ही कथा तेथेंच संपते.

फ्रेंच बंदुका पाँडिचेरीच्या वाटेनें दक्षिणेंत येत. शार्लव्हील, सेंत एत्येन व मोबज या तीन कारखान्यांचीं नांवें त्यांच्या पट्ट्यांवर वळणदार अक्षरांत कोरलेलीं असतात. त्यांत नांवापेक्षां विशेषण महत्त्वाचें आहे. कारखाना 'राजकीय' म्हटला आहे, 'राष्ट्रीय' म्हटला आहे, कीं 'साम्राज्याचा' म्हटला आहे, यावरून काळ ठरतो. कारण फ्रान्सांत राजपद १७९२ सालीं गेलें, साम्राज्य १८०४ सालीं आलें व १८१४ सालीं कोसळलें. शिक्क्यांतील बिरुद बदललें म्हणजे गादीवरील धनी बदलला, हें जाणणाऱ्या आमच्या वाचकांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं.

४. सन वाचला, पण कोणता?

आंकडे स्पष्ट असूनहि सन चुकतो, तो कालगणना न ओळखल्यामुळें. पानिपतच्या वेळचें पत्र शुहूर ११६१ चें असतें. तो सन हिजरी समजला तर पानिपतची लढाई १७६१ ऐवजीं १७४८ त जाऊन पडेल. अशी चूक कागदांत आतां सहसा कोणी करीत नाहीं. बंदुकींत मात्र ती सहज होते.

टिपू सुलतानाच्या बंदुका हें याचें ठळक उदाहरण. श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांतील बंदुकांवर वाघाच्या मुखाची व पट्ट्यांची नक्षी आणि फारशी अक्षरें असतात. टिपूनें हिजरी सन सोडून पैगंबरांच्या जन्मापासून मोजलेला 'मौलूदी' सन १७८७ च्या सुमारास सुरू केला. त्याचें १२१५ हें वर्ष इसवी १७८७–८८ शीं जुळतें. म्हणून मौलूदी १२१८ म्हणजे १७९०–९१. पण तोच आंकडा हिजरी धरला तर १८०३–०४ येतात, म्हणजे ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेल्यानंतर चार वर्षांनीं! असा हिशेब करणारा मग 'ही बंदूक टिपूची नव्हे' असा निकाल देऊन अस्सल वस्तु बाजूस सारतो. शिवाय टिपूच्या नाण्यांवर या सनाचे आंकडे उजवीकडून डावीकडे मांडलेले असतात; तेव्हां शस्त्रावरील आंकडे कोणत्या क्रमानें आहेत हें आधीं पारखून मग बेरीज-वजाबाकी करावी. रॉबिन विगिंग्टन यांनीं टिपूच्या बंदुकांवरील आपल्या १९९२ च्या ग्रंथांत या बंदुका एकत्र करून दाखविल्या आहेत. त्या एकमेकींशेजारीं पाहिल्या म्हणजे एकट्या आंकड्यापेक्षां नक्षी, कळीची घडण व लेख यांचा मेळ किती निर्णायक असतो हें कळून येतें.

देवनागरी लिपीविषयींहि एक इशारा देणें इष्ट आहे. नळीवर देवनागरी आंकडे दिसले म्हणजे बंदूक मराठ्यांची, असें आपल्याकडील मन चटकन् म्हणतें. एकोणिसाव्या शतकांत नेपाळ सरकारच्या बंदुकांवर देवनागरी अक्षरें व आंकडे घालीत, आणि त्यांचा सन विक्रम संवत् असे. २००३ सालीं काठमांडूच्या जुन्या सिलेखान्यांतील फार मोठा सांठा परदेशी व्यापाऱ्यांनीं विकत घेतला, तेव्हांपासून अशा बंदुका व त्यांचे सुटे भाग बाजारांत पुष्कळ आले आहेत.

५. मालकाची खूण व नकलकाराची खूण

लोखंडावरील प्रत्येक खूण कारखानदाराची नसते. बिकानेरचे महाराज अनूपसिंह मोंगलांच्या वतीनें १६८९ च्या अदोनीच्या वेढ्यांत होते. तेथून आणलेल्या शस्त्रांवर बिकानेरच्या सिलेखान्यांत ठिपक्या-ठिपक्यांनीं लेख घातलेले आहेत. तो लेख शस्त्र कोठून आलें व कोणाच्या कोठारांत जमा झालें हें सांगतो. तें कोणीं व कधीं घडविलें हें सांगत नाहीं. आपल्या दप्तरांतील भाषेंत बोलावयाचें तर ती 'जमा' बाजूची नोंद आहे. इंग्रज सरकारचा बाणहि याच जातीचा. एक बाण म्हणजे सरकारी मालमत्ता. एकमेकांस टोंक लावलेले दोन बाण म्हणजे ती मालमत्ता सरकारनें विकून टाकली. ही दुसरी खूण असलेली बंदूक सरकारी शिपायाकडून लढाईंत हिसकावून घेतल्याची कथा सांगितली जात असेल, तर ती कथा जपूनच ऐकावी.

जेथें भागांस किंमत आली तेथें सरमिसळ व नक्कल दोन्ही आलीं. अफगाणिस्तानांतील 'जेझाईल' या लांब नळीच्या बंदुकांत नळी व दस्ता देशी आणि कळ मात्र कंपनीची, ही जोडणी इतकी सामान्य आहे कीं तिला एक स्वतंत्र जातच म्हणावें. तेथील कारागिरास कंपनीची कळ चांगली वाटली म्हणून त्यानें ती घेतली. यांत फसवणूक कांहींच नाहीं. परंतु तेथेंच कंपनीच्या कळींच्या नकलाहि झाल्या. पेशावरच्या दक्षिणेस दर्रा आदमखेल येथें तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विलायती बंदुकांच्या हुबेहूब प्रतिकृति होत आल्या आहेत. रोमन लिपि न जाणणारा कारागीर ठशांतील अक्षरें चित्रासारखीं उतरवितो, आणि मग 'एन' उलटा पडतो, एखादें अक्षर गळतें, मुकुटाचें फूल होतें. मोडी न जाणणाऱ्या नकलकारानें काढलेल्या मोर्तबाची जी गत होते तीच ही. म्हणून ठसा उतरून घेतांना आपण तो शुद्ध करून लिहूं नये. उलटें अक्षर उलटेंच नोंदवावें. तीच त्या वस्तूची खरी सही असते.

६. एक कल्पित उदाहरण

वरील तत्त्वें लावून दाखविण्यासाठीं एक उदाहरण कल्पूं. एका घराण्यांत बंदूक आहे. ती खर्ड्याच्या लढाईंतील, म्हणजे ११ मार्च १७९५ ची, असें घरांत सांगतात. कळीच्या पट्टीवर हृदयाकृति, कारखानदाराचें नांव व १७९३ हा सन आहे. यादी करणारास याहून अधिक काय पाहिजे? आख्यायिका व ठसा एकमेकांस दुजोरा देतात, आणि नोंद होऊन जाते.

आतां बंदूक उलगडून पाहूं. नळीवर 'बी, पी, सी' हा बर्मिंगहॅमचा ठसा आहे. म्हणजे नळी १८१३ नंतरची. पट्टीवर बुजविलेलीं भोकें असून घोडा टोपीचा आहे. म्हणजे बंदुकीचें आजचें रूप त्याहूनहि पुढचें. दस्ता अक्रोडाचा नसून शिसवीचा आहे, आणि खोबणींत एका अंगास लाख भरलेली आहे. म्हणजे दस्ता देशी व कळ दुसरीकडून आणून बसविलेली. तेव्हां ही बंदूक, आज आहे त्या रूपांत, खर्ड्यास नव्हती हें निश्चित.

परंतु एवढ्यानें घराण्याची आख्यायिका खोटी ठरत नाहीं, हेंहि तितकेंच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. कळ १७९३ ची आहे. ती खर्ड्यास असण्यास तिच्या सनाची हरकत नाहीं. पूर्वजाची बंदूक मोडल्यावर तिची कळ जपून नव्या नळीवर चढविली गेली असेल. किंवा ती कळ पुढें कोठें बाजारांत मिळाली असेल. या दोहोंपैकीं कोणतें, हें लोखंड सांगणार नाहीं. तें त्या घराण्याच्या जमाखर्चांत, दुरुस्तीच्या टांचणांत, शिकलगारास दिलेल्या मजुरींत शोधलें पाहिजे. बंदूक कागदास पुरावा देते यापेक्षां कागदानें बंदुकीस पुरावा द्यावयाचा असतो, हें अधिक वेळां खरें आहे.

७. ज्यांवर ठसा नाहीं त्यांचें काय?

आतांपर्यंत एकेका वस्तूचा विचार झाला. परंतु ठशांवर विसंबण्याचा मोठा अनर्थ एकेका नोंदींत नसून सर्व नोंदींच्या बेरजेंत आहे. संग्रहांतील ओळखलेल्या बंदुका मोजल्या तर बहुतेक लंडन, बर्मिंगहॅम, लिएज व फ्रान्स येथील निघतात. आणि मग मराठ्यांचीं पायदळें सर्वस्वी परदेशी बंदुकांवर चाललीं होतीं, देशांत बंदूक होतच नव्हती, असें अनुमान सहज निघतें. हें अनुमान तपासावयास हवें. ज्या बंदुकीवर नांव आहे तीच आम्हीं ओळखली, आणि जिच्यावर नांव नाहीं तिला 'देशी, अज्ञात, उत्तरकालीन' म्हणून कोपऱ्यांत ठेविली. मग मोजणींत परदेशी अधिक भरल्या तर नवल कोणतें? हें मराठ्यांच्या शस्त्रांचें मोजमाप नव्हे, आमच्या ओळखण्याच्या साधनांचें मोजमाप आहे.

याच्या उलट पुरावा कागदांत आहे. महादजी शिंदे यांच्या द ब्वाञच्या पलटणींसाठीं आग्रा येथें सँग्स्टर नांवाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखालीं तोफा ओतीत व बंदुका करीत. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत या बंदुकांविषयीं लिहिलें आहे. त्या दर बंदुकीस दहा रुपयांत होत, आणि युरोपांतील बहुतेक बंदुकांच्या तोडीच्या होत्या, असा त्याचा निर्वाळा आहे. ग्रँट डफ मराठ्यांची भलावण करण्यासाठीं प्रसिद्ध नाहीं. म्हणून त्याची ही साक्ष वजनदार आहे. १८०३ च्या आक्टोबरांत आग्र्याचा किल्ला जनरल लेक यानें घेतला. त्या कारखान्यांत झालेल्या बंदुका आज कोठें आहेत? लंडनच्या परीक्षेचा ठसा त्यांवर असण्याचें कारण नाहीं. नमुना युरोपी असल्यामुळें त्या पाहणारास एक तर विलायती बंदुकीच्या मोडतोडीसारख्या, नाहीं तर मागाहूनच्या नकलांसारख्या वाटत असतील. त्यांतील कांहींवर पुढें कोणी कंपनीची कळ चढविली असेल तर त्यांचें श्रेय सरळ इंग्रज कारखानदाराच्या नांवावर जमा झालें असेल.

त्यांत भर म्हणून, जें शिल्लक राहिलें तेंहि निवडून शिल्लक राहिलें. १८१८ नंतर सैन्यें मोडलीं. १८५७ नंतर निःशस्त्रीकरण झालें. १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. अशा प्रत्येक वेळीं कोणती बंदूक ठेवावी व कोणती टाकावी याची निवड घराण्यांनीं केली असली पाहिजे. त्या निवडींत नांवाची, नक्षीची, किंमतीची विलायती बंदूक राहणें व साधी देशी बंदूक लोहाराच्या भट्टींत जाणें अधिक संभवनीय आहे. उलट पक्षानें, सर्व बिनठशाच्या बंदुका आग्र्याच्या किंवा पुण्याच्या कारखान्यांतील होत, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. तें पहिल्या चुकीचेंच दुसरें टोंक होईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ठशाच्या अभावास 'परदेशी नव्हे' अथवा 'हलकी' असा अर्थ देऊं नये. तेथें मळसूत्राचे आटे हातानें कानसलेले आहेत कीं यंत्राचे, नळीचा सांधा कसा मारला आहे, लांकूड कोणतें, आंतील खांचा कोणत्या पद्धतीच्या, यांची नोंद व्हावी. अशा पांच-पन्नास नोंदी एकत्र आल्या म्हणजे देशी कारखान्यांच्या सवयी आपोआप वेगळ्या पडूं लागतील. मोडी हस्ताक्षरांचीं वळणें अशींच ओळखूं आलीं. कोणा लेखकानें आपलें नांव सांगितलें म्हणून नव्हे.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी. बंदूक ही एक वस्तु म्हणून न नोंदवितां नळी, कळ, घोडा, दस्ता, गज व पितळी सामान असे भाग वेगवेगळे लिहावे, व प्रत्येकापुढें त्यावरील खूण जशीच्या तशी, मापासह, द्यावी. कागदावर शिसपेन्सिलीनें घासून ठशाचा उतारा घेतां येतो; छायाचित्रहि घ्यावें. बंदूक उलगडण्यापूर्वीं नळींत गज घालून ती भरलेली नाहीं याची खात्री करून घ्यावी. शंभर वर्षांची दारूहि पेट घेऊं शकते. घराण्याची आख्यायिका जशी सांगतील तशी निराळ्या रकान्यांत लिहावी, ठशाच्या रकान्यांत मिसळूं नये.

आणखी एक गोष्ट घरच्या मंडळींस समजावून सांगावी. खंडेनवमीस शस्त्रें पूजेसाठीं काढतात, तेव्हां चिंच, राख व विटेचा भुगा लावून तीं घासण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. पूजा अवश्य व्हावी. पण नळीचा मागील भाग व कळीची पट्टी घासूं नये, कोरड्या फडक्यानें पुसून थोडेंसें तेल लावावें. परीक्षेचा ठसा केसाइतकाच खोल असतो. दोनशें वर्षांत शत्रूनें व गंजानें जें खोडलें नाहीं तें दरसालच्या भक्तीनें खोडलें जात आहे, आणि एकदां तो ठसा गेला म्हणजे ती बंदूकहि ज्यांची दाद लागत नाहीं अशा बिनठशाच्या रांगेंत जाऊन बसते.